इतिवृत्तातली एक ओळ

वकील कोणाला घाबरत नाही असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. आमचा निम्मा धंदा त्या समजुतीवरच चालतो. मी सत्तावीस वर्षं व्यापारी दावे लढवले आणि या सत्तावीस वर्षांत कोर्टाचा एक दिवस असा गेला नाही की घरून निघायच्या आधी पिशवीतले कागद दोनदा मोजले नाहीत. मुदत हुकली तर? कागद सुटला तर? न्यायाधीशांनी नेमका तोच प्रश्न विचारला तर? ही भीती रोजची. तिच्यासकट डबा भरायचा आणि घराबाहेर पडायचं. पण मी सांगणार आहे ती भीती निराळी होती. ती मला कोर्टाची वाटली नव्हती, एका रजिस्टराची वाटली होती.

माझं ऑफिस नारायण पेठेत, एका बुकबाइंडरच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर ‘व्यापारी दावे व स्पर्धा कायदा’ असं लिहिलेलं. त्यातलं ‘स्पर्धा’ तेवढं वाचून महिन्यातून एखादे पालक मुलाला घेऊन वर यायचे आणि एमपीएससीची बॅच कधी सुरू होते ते विचारायचे. इथे फक्त नापास झालेले येतात, असं सांगून मी त्यांना जिना दाखवायचे.

हा स्पर्धा कायदा म्हणजे काय, ते मी घरी एकदा समजावून सांगितलं होतं. व्यापाऱ्यांनी एकी करून आपसात दर ठरवायचे नाहीत, गिऱ्हाइकाची कोंडी करायची नाही, एवढाच त्याचा गाभा. सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “मग मंडईत सगळीकडे कोथिंबीर एकाच भावाला कशी मिळते?” मी म्हटलं, “आई, भाव एकच असणं हा गुन्हा नाही. एकत्र बसून ठरवणं हा गुन्हा आहे.” “मग उभ्याने ठरवत असतील,” त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

माझे सगळ्यात जुने अशील म्हणजे बसमालकांची एक संघटना. हिंजवडीच्या कंपन्यांना माणसं ने-आण करायला हे लोक बस पुरवायचे. कोणाच्या दोन गाड्या, कोणाच्या वीस. कंपनीने करार मधेच मोडला की ते माझ्याकडे येत आणि मी कंपनीला कोर्टात खेचत असे. लागोपाठ चार दावे जिंकल्यावर त्यांनी मला कायदेशीर सल्लागार केलं. प्रत्येक सभेला बोलावणं येऊ लागलं, पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली. मी शेफारले होते, दुसरा शब्द नाही.

संघटनेचे चिटणीस म्हणजे चाचा. सगळे त्यांना चाचाच म्हणत, मीही. गंज पेठेतलं मुसलमान घर, तीन पिढ्या पुण्यात. वडिलांचा टांगा होता, चाचांच्या दोन बस होत्या. शिकले मराठी शाळेत आणि अक्षर असं की छापल्यासारखं. सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद, म्हणजे इतिवृत्त, ते लाल बांधणीच्या रजिस्टरात शाईच्या पेनने लिहीत. आणि लिहीत म्हणजे सगळं लिहीत. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, उशिरा कोण आलं, चहा न घेता कोण गेलं. एकदा अध्यक्ष वैतागून म्हणाले, “चाचा, एवढं कशाला खरडता? वाचतंय कोण?” चाचा म्हणाले, “कोणी वाचत नाही म्हणून कमी लिहू, की खोटं लिहू? तसा ठराव मांडा, तोही लिहितो.” सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

अध्यक्षांचं इथेच सांगून टाकते. गडी कर्तबगार, बोलण्यात गोड, आणि आपल्या वीस गाड्यांपुढे जग नाही असं मानणारा. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझ्या या गोष्टीत वाईट वागल्याचा मान त्याला देता येत नाही.

डिझेल वाढलं त्या वर्षीची वार्षिक सभा. मंडईजवळच्या एका हॉलमध्ये, जेवणासकट. अध्यक्षांनी ठराव मांडला. अमुक दराच्या खाली एकाही सभासदाने कोणत्याही कंपनीला गाडी द्यायची नाही. आणि कोणी दिलीच, तर त्याची गाडी रस्त्यात बंद पडल्यावर दुसऱ्या कोणीही बदली गाडी पाठवायची नाही. हे दुसरं कलम जालीम होतं. बसच्या धंद्यात बदली गाडीवाचून एक आठवडा निघत नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. चाचा मात्र लिहायचं थांबून उभे राहिले. “दर काय ठरवायचा तो ठरवा,” ते म्हणाले, “पण बंद पडलेल्या गाडीत माणसं बसलेली असतात. पोरीबाळी असतात. त्यांना हायवेला सोडून आपण काय बघत बसायचं? मला हे मान्य नाही.” कोणीतरी मागून ओरडलं, “चाचा, जेवणं थांबलीत!” ठराव पास झाला.

मी तोवर पानावर बसले होते. अध्यक्ष समोरून येत मोठ्याने म्हणाले, “काय वकीलबाई, कायद्यात बसतंय ना आपलं?” माझ्या तोंडात जिलबी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या कायद्याचं ते कलम मी तेव्हा वरवर वाचलेलं होतं, कामापुरतं. ‘बघून सांगते’ एवढे दोन शब्द बोलायला काय जात होतं माझं? पण नाही. मी हात वर करून म्हणाले, “बसतंय की! तुमच्या गाड्या, तुमचा दर.” पुन्हा टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली आणि ती मी खाल्ली.

माझे दिल्लीचे वकील मित्र सांगतात की दर ठरवणारे व्यापारी चोरून भेटतात, कागदावर काही ठेवत नाहीत, फोनसुद्धा बाहेर ठेवून येतात. आमच्या मंडळींनी दर ठरवला तो सूचक-अनुमोदकासह, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्यावर.

दीड-दोन वर्षांनी नोटीस आली. हिंजवडीतल्या एका कंपनीने तक्रार केली होती आणि दिल्लीच्या स्पर्धा आयोगाने तपास अधिकारी नेमला होता. त्या अधिकाऱ्याला संघटनेची सगळी इतिवृत्तं हवी होती, मूळ प्रती. मी चाचांना फोन केला. ते दुपारी दोनच्या सुमाराला रजिस्टरं पिशवीत घालून आले, टेबलावर ठेवली, पोचपावती मागून घेतली आणि नमाजाला जायचं म्हणून उठले.

ते गेल्यावर मी त्या वार्षिक सभेचं पान काढलं. ठराव शब्दन् शब्द होता. दर, बदली गाडीचं कलम, सूचक, अनुमोदक. इथपर्यंत मला अपेक्षित होतं. त्याखाली होतं, ‘चिटणिसांनी या ठरावास असहमती नोंदवली. कारण बंद पडलेल्या गाडीत माणसे असतात.’ आणि त्याखालची ओळ मी तीनदा वाचली. ‘कायदेशीर सल्लागार वकीलबाईंनी सदर ठराव कायद्यात बसतो असे सभेस सांगितले. सभेने त्यांचे आभार मानले.’

खाली बुकबाइंडरचं कटिंग मशीन चालू होतं, त्याच्या दणक्याने टेबल हलायचं. त्या दिवशी टेबल हलतंय की मी, मला कळेना. मी दाराला आतून कडी लावली. दिवसाढवळ्या, स्वतःच्या ऑफिसात! मग खुर्चीत बसून एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. हे पान अधिकाऱ्यासमोर गेलं की मी या प्रकरणात वकील राहणार नाही, साक्षीदार होईन. कदाचित आरोपीच. बेकायदा ठरावाला सल्ला देणारी, तीही याच कायद्याची पाटी लावून. कोणीतरी तक्रार करील आणि सनद जाईल. शिवाजीनगर कोर्टाच्या बाररूममध्ये मी दारातून आत आले की बोलणं थांबेल. एवढी वर्षं, एवढी घासाघीस, आणि शेवट कशाने? तर जिलबीने.

खरं तर त्याच दिवशी मी काय करायला हवं होतं हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. केस सोडायची, संघटनेला दुसरा वकील बघा म्हणायचं. मी सोडली नाही. कारण दुसऱ्या वकिलाने ते पान पहिल्या दिवशी वाचलं असतं.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी आले. पान बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण दोन मिनिटांत सावरले. “वकीलबाई, मागच्या पावसात आमच्या ऑफिसात पाणी शिरलं होतं. एखादं रजिस्टर भिजून गेलं म्हणायला काय हरकत आहे? तुमचंही त्यात नाव आहेच की.” शेवटचं वाक्य त्यांनी अगदी काळजीच्या सुरात म्हटलं. मी त्यांना झापलं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, असलं पुन्हा माझ्या ऑफिसात बोलायचं नाही, वगैरे. त्या झापण्याचा मला पुढे कित्येक दिवस अभिमान वाटत होता. निदान एवढं तरी मी सरळ केलं, असं. पण रजिस्टर गहाळ करायला चाचा कधीच तयार झाले नसते, आणि त्यांनी पोचपावती घेतली होती, हेही मला त्याच वेळी आठवलं होतं.

रजिस्टर दिल्लीला अधिकाऱ्याकडे गेलं. महिन्याभरात चाचांना जबाबासाठी दिल्लीला बोलावलं. निघायच्या आधी ते ऑफिसात आले. उकाडा होता, पंखा फास्ट केला तरी घाम येत होता. काय विचारतील, कसं उत्तर द्यायचं, हे मी त्यांना सांगत होते. त्यांची बाजू भक्कम होती. ठरावाला विरोध करणारा सगळ्या सभेत हा एक माणूस, आणि तो विरोध त्याच वेळी, त्याच शाईत लिहिलेला. आयोग संघटनेला दंड करील, अध्यक्षांनाही करील, पण चाचांना हात लावता येणार नाही. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या पानावरच्या पुढच्या ओळीबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाही.

शेवटी चाचाच बोलले. “वकीलबाई, तुमचा चेहरा महिनाभर उतरलेला आहे. त्या ओळीचं आहे ना?”

मी टेबलावरचे कागद नीट लावत राहिले.

“त्याचं काय एवढं! मी म्हातारा माणूस. ऐकण्यात चूक झाली म्हणेन. बाई असं काही बोलल्या नव्हत्या, मीच माझ्या मनाने लिहिलं म्हणेन.”

आता इथे थांबून मला नीट सांगायला हवं, कारण सगळं या क्षणाचं आहे. रजिस्टर हा एकसंध पुरावा असतो. त्यातली एक ओळ लिहिणाऱ्यानेच खोटी म्हटली, की वरच्या ओळीवर कोण विश्वास ठेवणार? आणि वरची ओळ त्यांच्या असहमतीची होती. त्यांचा सगळा बचाव त्या ओळीवर उभा होता. मला वाचवायला ते जे बोलणार होते त्याने त्यांचाच पाय तोडला जाणार होता. हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. अहो, लख्ख कळत होतं! माझ्या सगळ्या शिक्षणाचा उपयोग त्या अर्ध्या मिनिटात होता.

मी म्हणाले, “चाचा, तुम्हाला जे आठवतं ते सांगा.”

हे आम्हा वकिलांचं ठेवणीतलं वाक्य. त्यात खोटं बोला असं कुठे नाही. खरं बोला असंही नाही. चाचांनी मान हलवली, पाणी प्यायले, “काळजी करू नका,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दिल्लीला मी त्यांच्याबरोबर गेले. तिथला नियम असा की साक्षीदाराबरोबर वकील येऊ शकतो, पण बोलायचं नाही आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब बसायचं. लांबट खोली होती. एका टोकाला टेबल, अधिकारी, टाइप करणारी मुलगी आणि माझ्याकडे पाठ करून चाचा. दुसऱ्या टोकाला भिंतीशी मी. ए.सी.चा आवाज इतका की त्यांचं बोलणं नुसती कुजबुज वाटत होती. चाचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांचे कान तेवढे मला दिसत होते.

आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही. बाळंतपणात नाही, वडिलांच्या ऑपरेशनला नाही. अधिकारी पान उलटायचा आणि मी लाल बांधणीच्या जाडीवरून अंदाज करायची की कुठलं पान आलं असेल. समोर पाण्याची बाटली होती, पण झाकण फिरवल्याचा आवाज होईल म्हणून उघडली नाही. मधे एकदा अधिकाऱ्याचं बोट एका जागी थांबलं. त्याने वर बघितलं, चाचांना काहीतरी विचारलं. चाचा बोलायला लागले. बराच वेळ बोलले. टाइप करणारी मुलगी थांबली, तिने अधिकाऱ्याकडे पाहिलं, त्याने ‘लिही’ अशी खूण केली. आणि मग त्या माणसाने मान उचलून सगळ्या खोलीवरून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. माझ्या मांडीवरचा कागद घामाने ओला झाला होता.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, “झालं. चला, काहीतरी खाऊन घेऊ, तुम्ही सकाळपासून उपाशी आहात.” काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. एका हॉटेलात आम्ही छोले-भटुरे खाल्ले आणि ते दिल्लीच्या बसगाड्यांबद्दल बोलत राहिले, चासी कुठली, बॉडी कोणी बांधली असेल. मी ‘हो का’, ‘हो का’ करत होते.

जबाबाची प्रत हातात यायला पाच महिने लागले. ते पाच महिने कसे गेले ते विचारू नका. टपालवाला जिन्यात आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची. घरी चिडचिड करायची, सासूबाईंवर ओरडायची. त्या बिचाऱ्या, हिला साखर झाली की काय, म्हणून माझा चहा फिका करायला लागल्या.

प्रत आली. मी ती उभ्यानेच वाचली. अधिकाऱ्याने त्या पानावर बोट ठेवून विचारलं होतं ते अनुमोदकाबद्दल. हा अनुमोदक अजून सभासद आहे का, एवढाच प्रश्न. माझ्या ओळीबद्दल त्याने काहीच विचारलं नव्हतं. त्याचं लक्षही गेलं नसेल. चाचांनी आपणहून सांगितलं होतं. ‘त्याखाली वकीलबाईंबद्दल जे लिहिलं आहे ते खरं नाही. त्या तसं बोलल्या नव्हत्या. ते मी माझ्या मनाने लिहिलं.’ पुढचा प्रश्न साहजिकच होता. आणखी काय काय तुम्ही आपल्या मनाने लिहिलंत? उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘आठवत नाही.’

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटले. सुटले बाई मी. खुर्चीत बसून मी रडले, आणि ते रडणं सुटकेचं होतं. चाचांचा विचार मनात आला तो त्यानंतर, डोळे पुसून चहा मागवल्यावर.

आयोगासमोर शेवटची सुनावणी झाली तेव्हा मी चाचांसाठी उभी राहिले. असहमतीची ओळ वाचून दाखवली, आवाज चढवून, दोनदा. तीन सदस्यांपैकी कडेला बसलेल्या बाईंनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “पण वकीलसाहेब, तुमचाच अशील म्हणतो की त्याच पानावरची पुढची ओळ त्याने मनाने रचली. मग ही ओळ रचलेली नाही हे आम्ही कशावरून मानायचं?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ती ओळ रचलेली नाही. ती खरी आहे. ते शब्द माझे आहेत. तीन छोटी वाक्यं. दालनात बारा-पंधरा माणसं असतील. मी पोडियमची कड धरली होती. मी म्हणाले, “अशिलाकडून सूचना घेऊन लेखी सादर करते.” बाईंनी मान हलवली. मी लेखी काहीही सादर केलं नाही.

निकाल लागला. संघटनेला दंड, अध्यक्षांना दंड, चिटणिसांना दंड. अध्यक्ष तासाभरात शिव्या देऊन मोकळे झाले. चाचांचा फोन आला, “निकाल इंग्रजीत आहे. माझ्यापुरतं काय लिहिलंय ते घरी येऊन वाचून दाखवाल का? सावकाश या, घाई नाही.”

अकराव्या दिवशी गेले. त्याआधी धीर झाला नाही. गंज पेठेतली दोन खोल्यांची जागा, दारात चपला ओळीने लावलेल्या. चाचा खुर्चीवर बसले, चाची आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी. मी तो परिच्छेद काढला आणि मराठीत सांगत गेले. सांगताना शब्द मऊ करता आले असते, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘या चिटणिसाने सभेच्या नोंदीत न घडलेल्या गोष्टी लिहिल्याचे स्वतः कबूल केले आहे. त्याच्या हातच्या कोणत्याही नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. त्याची असहमती ही स्वतःच्या बचावासाठी केलेली नोंद दिसते.’

चाचांनी ऐकून घेतलं. “बरं,” ते म्हणाले. “दंड भरू. एक गाडी विकायला काढलीच होती. अपील-बिपील नको आता, दिल्लीचे हेलपाटे होत नाहीत.” मग उठले, टोपी घातली आणि, “मशिदीतून येतो, तुम्ही चहा घेतल्याशिवाय जायचं नाही,” असं बजावून गेले.

चाची चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. “यांनी खोटं लिहिलं?” त्यांनी विचारलं. “दूधवाल्याने एक दिवस दांडी मारली तर कॅलेंडरवर वेळेसकट लिहून ठेवणारा माणूस हा. चाळीस वर्षं बघतेय. कुठलं खोटं लिहिलं, मला सांगा तरी.”

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “काही खोटं लिहिलं नाही त्यांनी. मी बोलले होते तसं. भर सभेत बोलले होते. त्यांनी मला वाचवलं.”

चाची चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मग तिकडे का नाही सांगितलंत?”

“भीती वाटली.”

“अपील करायला दिवस किती असतात?”

“साठ.”

“गेले किती?”

“अकरा.”

“मग आहेत की अजून,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एकदम जीव आला होता. “तुम्ही सांगा त्यांना, तुम्ही सांगितलं की ऐकतील. चहा घ्या, गार होतोय.”

मी चहा घेतला. एकोणपन्नास दिवस होते. ऑफिसातल्या कॅलेंडरवर मी ते रोज मोजले, आणि अशिलाची तशी सूचना नाही असं रोज स्वतःला सांगत सगळे जाऊ दिले.